अक्का, तुमचा दावा अजून जिवंत आहे

अक्का, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आपली तारीख होती.

आपली म्हणजे तुमची अन् माझी. तुम्ही वादी, मी प्रतिवादी. तुम्ही वर राहणाऱ्या घरमालकीण, मी खालची भाडेकरू. पुढच्या खोलीत माझी पिठाची चक्की, मागच्या दोन खोल्यांत माझा संसार. जागा खाली करून द्यावी म्हणून तुम्ही अंबडच्या कोर्टात माझ्यावर दावा लावलात आणि तो लढायला इतकी वर्षं आपण दोघी एकाच रिक्षात बसून गेलो. या खेपेलाही रिक्षावाल्याने सवयीने दारात हॉर्न दिला. मी हाताचं पीठ झटकत बाहेर आले, मान वर केली, आणि हाक मारणार तेवढ्यात आठवलं. ओठापर्यंत आलेलं "अक्का, चला" तसंच गिळलं. रिक्षावाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा मावशी. आज एकट्याच."

कोर्टात जज्जसाहेब रजेवर होते. सगळ्यांनाच पुढची तारीख मिळाली. तुम्ही गेल्याचं कोर्टाला कळलंच नाही. म्हणजे कोर्टाच्या लेखी तुम्ही अजून आहात आणि माझं घर खाली करून मागताय.

सकाळचं सांगू? तुमची पूजा उरकायच्या आत मी चक्की सुरू केली की वरून फरशीवर काठीचे ठोके पडायचे. मी चक्की बंद करायचे, पुटपुटत तुमचा उद्धार करायचे आणि थांबायचे. आता ठोके येत नाहीत. तरी मी मेली तेवढा वेळ चक्की बंदच ठेवते. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया विचारतात, "लाइट न्हाई का?" मी म्हणते, "अक्कांची पूजा व्हायचीय." मग त्याही डबा खाली ठेवून गप्प उभ्या राहतात.

लोकांना वाटतं माझी सुटका झाली. तुमच्या तेराव्याच्या पंगतीत एकजण पत्रावळीवरून मान न उचलता म्हणाला, "सिंधुबाई, आता कोण काढतंय तुम्हाला?" त्याला मी आणखी वरण वाढलं, गरम होतं चांगलं. माझे वकील त्याच्याही पुढे गेले, पण त्यांचं नंतर. आधी आपलं भांडण कुठून सुरू झालं ते सांगते. ते तुमच्या बाजूने सांगायची मला सवय नाही, जमेल तसं सांगते.

संध्या, तुमची एकुलती लेक, नवऱ्यापासून फारकत घेऊन अंबडला परत आली. खालच्या पुढच्या खोलीत तिने शिकवणी घ्यायची आणि मागे राहायचं, असं तुम्ही ठरवलंत. मी विचारलं होतं, वर तुमच्याजवळ राहिली तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "माझ्याजवळ राह्यली तर ती परत लहान पोरगी होऊन बसंल. तिला तिचं दार पाहिजे."

"अन् माझं दार?" मी म्हटलं.

तुम्ही काठी उचललीत आणि जिना चढायला लागलात. तो प्रश्न तिथेच पायरीवर राहिला. पुढे कोर्टातही त्याचं उत्तर कुणाला देता आलं नाही. चक्की म्हणजे काही शिलाई मशीन नव्हे, काखोटीला मारलं आणि निघालं. खाली पाया लागतो, मोटार बसवावी लागते, विजेचं वेगळं मीटर लागतं; आणि डबा डोक्यावर घेऊन चालत येईल एवढ्याच अंतरावरची बाई आपल्याकडे दळायला येते. चार गल्ल्या पलीकडे गेले की ती दुसरीकडे जाणार. माझे मालक गेल्यापासून ती चक्कीच घरचा कर्ता माणूस. तुम्हाला जागेची गरज होती, मलाही होती, आणि दोन्ही खरं होतं.

त्या वेळची सिंधू आठवली की तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. साठीला अजून अवकाश होता, म्हणजे पोरगीच म्हणायची. सातवीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे आपल्याला कायदा कळतो असा पक्का समज. तिचा कायदा असा होता की कोर्टाचा कागद विंचवासारखा असतो. अंगाला लागला तर विष चढणार. लागूच दिला नाही तर काय करेल?

म्हणून बेलीफ समन्स घेऊन पहिल्यांदा गल्लीत शिरला तेव्हा ही शहाणी ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसली. दळायला आलेल्या बायांना दम भरून ठेवला होता, सांगायचं, सिंधुबाई गावाला गेल्यात. बायांनी बिचाऱ्यांनी तसंच सांगितलं. एकच गोष्ट राहून गेली. चक्की चालू होती. वर कुणाची तरी बाजरी भरलेली, खाली डब्यात पीठ पडतंय, पट्टा फटाफटा वाजतोय.

बेलीफ जाडजूड माणूस, घामाने डबडबलेला. तो म्हणाला, "बाई गावाला गेली, मंग हे कोण चालवून राह्यलं?"

"ती आपोआप चालते," एक बाई म्हणाली. माझीच शिकवण.

तुम्ही गॅलरीतून वाकून बघत होता. मला तुमचं हसणं पोत्यांमागे ऐकू येत होतं. "भूत हाय साहेब आमच्याकडं. पीठ बारीक दळतं," म्हणालात. बेलीफने तुम्हाला खाली येऊन माझी ओळख पटवायला सांगितलं. तुम्ही काठी टेकत जिना उतरेपर्यंत मी मागच्या दाराने शेजारच्या न्हाणीत. बाजरी संपली, दगडावर दगड घासत राहिला, जळका वास सुटला. दगडाला टाकी लावून परत धार करून घ्यायला पुढे दोन माणसं आणि एक अख्खा दिवस गेला. हा माझा तुमच्यावरचा पहिला विजय.

त्यानंतर लगेच मी शहागडला गेले. माझी लेक मनीषा दुसऱ्यांदा बाळंत होणार होती, आणि दुसरं बाळंतपण सासरी. तिच्या सासूची कंबर धरलेली, तेव्हा मला जाणं भाग होतं. चक्कीला कुलूप लावलं. मनातून खूश होते की आता बेलीफ आला काय न् गेला काय.

मी गेल्यावर वर काय झालं ते तुम्ही मला पुष्कळ उशिरा सांगितलंत, तेही रागाच्या भरात. तुमची कोर्टाची कामं तेव्हा तुमचा पुतण्या बघायचा. तो म्हणाला, "काकू, दाराला कुलूप लागलं हे बेस्ट झालं. दोन पंच आणू, समन्स दारावर डकवू, बाई सापडत नाही असं लिहून घेऊ. ती यायची कधी, वाचायची कधी. तोवर ती कोर्टात आलीच नाही म्हणून निकाल आपल्या बाजूनं. एकतर्फी."

तुम्ही विचारलंत, "ती कुठं गेलीय तुला माहीत हाय का?"

"शहागडला, लेकीकडं. सगळ्या गल्लीला माहीतय."

"मंग सापडत न्हाई असं कोणाच्या तोंडानं लिहायचं?"

तो म्हणाला, सगळे असंच करतात. तुम्ही म्हणालात, मंग सगळ्यांची कामं बघ. तो गेला तो गेलाच. तेराव्यालासुद्धा आला नाही.

शहागडला जावयाचं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे, मागे घर. समोरून ट्रक जातात तेव्हा ताटल्या वाजतात. त्या सकाळी मी अंगणात पाटावर पाय लांब करून बसले होते, पायांवर बाळ, तेलाने माखलेलं, बोंबलतंय. आणि दुकानाच्या बाजूने तुम्ही येताना दिसलात. हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, मागे तो बेलीफ. जीपमध्ये कोंबून आल्यामुळे त्याचं तोंड हिरवं पडलेलं.

बाळाला पायावर घेतलेली बाई कुठे पळणार, अक्का? हे तुम्ही वेळ बघून केलं होतंत का? मी विचारलं की तुम्ही नुसत्या हसायचात.

"या अक्का," मी म्हटलं. दुसरं सुचलंच नाही.

"काय झालं?"

"पोरगी."

"चांगलं झालं. पाणी बराबर ऊन हाय का?" तुम्ही घंगाळात बोट बुडवून बघितलंत, काठी बाजूला ठेवलीत आणि माझ्याशेजारी बसकण मारलीत. तांब्या उचललात. "मी घालते, तू चोळ."

बेलीफ म्हणाला, "बाई, मला पुढं पण कागद द्यायचेत."

"जरा दम धरा हो. लेकराच्या डोक्याला साबण हाय."

मग तो एका जुन्या टायरवर बसला. तुम्ही पाणी घालत होता, मी चोळत होते. तुमचा हात असा बरोबर होता, डोळ्यांवर एक थेंब नाही. मी बाळाचं नाक ओढत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई मला घराबाहेर काढायला आलीय. बाळ रडायचं थांबलं. ते बाळ म्हणजे आमची श्रुती. आता शाळेत जाते आणि मला इंग्रजी शिकवते.

बाळ मनीषाच्या हातात दिलं. तुमच्या पिशवीतून बाळंतशेपा निघाल्या, बेलीफच्या पिशवीतून समन्स आणि दाव्याची नक्कल. मी म्हटलं, "माझे हात तेलाचे हायत." तुम्ही पदराचं टोक पुढे केलंत. मी म्हटलं, "मी न्हाई घेत."

"घे सिंधे. न्हाई घेतलं तर हा माणूस 'घेण्यास नकार' असं लिहील. ते तुला पोचल्यासारखंच धरतात. तारखेला तू येणार न्हाईस अन् तुझं काही ऐकून न घेता निकाल लागंल."

"तुम्हाला तेच पाहिजे ना?"

"मला जागा पाहिजे. तुझं तोंड बंद करून नको. तुझ्या तोंडाची मला सवय झालीय."

बेलीफ तुमच्याकडे बघतच राहिला. त्याच्या नोकरीत त्याने असा वादी पाहिला नसावा. मी सही केली, कागदाला तेलाचा अंगठा लागला. तारीख तुम्ही त्याला मोठ्याने वाचायला लावलीत, पुन्हा वाचायला लावलीत, आणि मनीषालाही सांगून ठेवलीत, "हिच्या ध्यानात राह्यली न्हाई तर तू आठवण दे." मग तिघं जेवलात आमच्याकडे, तुम्ही, बेलीफ आणि जीपचा ड्रायव्हर. मेथीची भाजी होती. बेलीफने दोनदा मागून घेतली.

मी तुम्हाला पुढे कितीदा विचारलं, एवढ्या उन्हाची, असले गुडघे घेऊन तुम्ही का आलात? तुम्ही म्हणायचात, "दारावर कागद लावला असता तर तू परत आल्यावर माझ्या नावानं गल्ली डोक्यावर घेतली असतीस. ती बोंब कोण ऐकणार?" हे उत्तर मी कधीच मान्य केलं नाही. बोंब तर मी तशीही मारलीच. खरं उत्तर काय होतं ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात, आणि विचारायला तुमच्याइतकं खडूस दुसरं कोणी आता वर राहत नाही.

पहिल्या तारखेचं आठवतं? मी आठवडाभर चक्कीच्या आवाजात भाषण पाठ केलं होतं. न्याय, अन्याय, विधवा बाई, सगळं होतं त्यात. पुकारा झाला, साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "काही म्हणायचंय?" मी म्हटलं, "न्हाई." बाहेर आल्यावर तुम्ही कोर्टासमोरच्या लिंबाखाली इतक्या हसलात की तुमचे वकील पाणी घेऊन धावत आले.

मग तारखा सुरू झाल्या. कधी साहेब बदलले, कधी साक्षीदार आला नाही, कधी वकील दुसऱ्या कोर्टात. मला ताप होता तेव्हा तुम्हीच उभ्या राहून सांगितलंत, "साहेब, प्रतिवादी आजारी हाय, पुढची तारीख द्या." साहेब म्हणाले, ते त्यांचे वकील सांगतील. तुम्ही म्हणालात, "त्यांच्या वकिलाला काय माहीत, काढा मी करून दिलाय." माझ्या विरोधात साक्ष दिलीत तीही खरी दिलीत. "चक्कीचा आवाज होतो का?" असं तुमच्याच वकिलाने आशेने विचारलं. तुम्ही म्हणालात, "होतो. पण माझं पीठ ती पहिलं दळून देते."

संध्याला तोवर संभाजीनगरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, तिने तिथे फ्लॅट घेतला. मला वाटलं, संपलं. मी रिक्षात तुम्हाला म्हटलं, "आता कशाला पाहिजे जागा? तुमची लेक तिकडं लिफ्टनं वरखाली करून राह्यली." तुम्ही म्हणालात, "ती येवो न येवो. पोरीला परत यायला दार पाहिजे." मी म्हटलं, "अन् मला जायला कुठलं?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर साहेबाला विचारून राह्यलोत." घरी येऊन तुम्ही वर गेलात, मी खाली. संध्याकाळी तुमचा ज्वारीचा डबा खाली आला. मी दळला. जरा जाडं दळलं, खोटं कशाला बोलू.

कोरोनात तुमचे वकील गेले. दुसरा लावा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "मला बोलता येतं." आणि तेव्हाच कधीतरी तुम्ही मला ते सांगितलंत, जे आता एकट्या माझ्याकडे उरलं आहे. संध्याला आपल्या दाव्याची लाज वाटायची. आईने शेजारणीला कोर्टात ओढलं म्हणून ती चिडायची. म्हणून तुम्ही तिला सांगून टाकलंत, मिटवलं.

"लेकीशी खोटं?"

"तिचा जीव हलका झाला ना. तारखा मी करते."

तर अक्का, तुम्ही गेलात आणि दावा चालू आहे हे तुमच्या बाजूने कोणालाच माहीत नाही. वकील नाही, पुतण्या नाही, लेकीला वाटतंय मिटलं, गल्लीला वाटतंय तुमच्याबरोबरच संपलं. माहीत आहे ते फक्त मला आणि माझ्या वकिलांना. वकील तेराव्यानंतर दळण घेऊन आले. चक्कीचा आवाज असल्यामुळे कानाशी वाकून म्हणाले, "सिंधुबाई, आता फक्त गप्प बसायचं. वादी वारला की वारसांनी मुदतीत अर्ज करून त्याच्या जागी यायचं असतं. कोणी आलं नाही तर दावा आपोआप संपतो. परत याच कारणावर लावताही येत नाही. तुम्ही जिंकलात म्हणून समजा."

मी चक्की बंद केली. "परत सांगा," म्हटलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

गोड लागलं हो ऐकायला. दोन-तीन दिवस मी चक्कीच्या पायाकडे, मीटरकडे, मागच्या खोलीतल्या मोरीकडे अशी बघत फिरत होते जशी नवी नवरी बघते. आता हे कोणी मागायला येणार नाही. मनात हिशेब करत होते की मुदत संपली की मोरीची फरशी बदलायची. आणि दर वेळी मला वाटायचं, कोणीतरी दारावर काहीतरी डकवून गेलंय आणि मी ते बघायला तेवढी उठत नाहीये. फक्त या खेपेला दार संध्याचं होतं. तिला कळणार होतं ते सगळं झाल्यावर. तिचं म्हणणं काय, ती कधी परत येणार आहे का, तिला खालची जागा हवी का नको, हे कोणी तिला विचारलेलंच नसणार.

शेवटी मी उठले. वकिलांना सांगितलं, मी संध्याकडे जाऊन येते. ते म्हणाले, "तुम्हाला वेड लागलंय का?" मी म्हटलं, लागलंय, तुमचं दळण तयार आहे, घेऊन जा.

एसटीने गेले. तिच्या इमारतीच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "कोणाकडं? काय काम?"

"समन्स बजवायचंय," मी म्हटलं.

"पार्सल का?"

"पार्सलच समज."

संध्याने दार उघडलं आणि घाबरली. "काकू? काय झालं? घराला काही झालं का?" तुमच्यासारखंच आधी घर.

तिने पाणी दिलं, चहा ठेवला. तिच्या ओट्यावर तुमचा तो पितळी डबा दिसला, एरवी माझ्याकडे दळायला यायचा. मी त्याच्याकडे पाठ करून बसले, नाहीतर बोलणं जमलं नसतं. मग एका दमात सगळं सांगितलं. की दावा मिटलेला नाही. की तुम्ही तिच्यासाठी तो शेवटपर्यंत चालवला. की तिला अर्ज करून तुमच्या जागी यावं लागेल, मुदतीच्या आत, आणि नाही आली तर मी जिंकते.

तिने चहाखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "आई मला मिटलं म्हणाली होती."

"मला माहीतय. मीच अक्कांना टोमणे मारले त्यावरनं."

"म्हणजे मी नाही आले तर घर तुमच्याकडे राहील?"

"हो."

"आणि मला कळलंही नसतं?"

"न्हाई."

"मग काकू, तुम्ही मला तुमच्याविरुद्ध उभं करायला अंबडहून आलात?"

"जल्दी ये म्हणून सांगायला आलेय. वकिलाला अर्ज लिहायला वेळ लागतो."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेराव्याला ती सगळ्यांना पाणी वाटत फिरत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. नाक पुसून ती म्हणाली, "फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. एवढ्या लांब कशाला आलात?"

"फोनवर तुला ऐकू आलं असतं. पोचलं का न्हाई ते मला दिसलं नसतं."

त्या रात्री तिने मला परत येऊ दिलं नाही. जेवताना तिने विचारलं, चक्की पुढच्या खोलीत राहिली आणि मागच्या दोन खोल्या वेगळ्या केल्या तर दार कुठून काढता येईल? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी तुझी विरोधक आहे. ती म्हणाली, नोकरीचा आता कंटाळा आलाय, गावाकडे यावंसं वाटतं, पण आईशिवायच्या घरात एकटीने वर राहायची भीती वाटते. मी भात कालवत राहिले. अक्का, तुम्ही इतकी वर्षं उघडं धरून ठेवलेलं दार तिने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, आणि ते नेमकं माझ्यापाशी.

परवा तारीख झाली. संध्या आदल्या दिवशीच आली होती. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा आम्ही दोघी दारातच उभ्या होतो. तिचा अर्ज मी स्वतः वाचला, सातवीपर्यंत शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. माझ्या वकिलांना सांगितलं, त्यावर "हरकत नाही" असं लिहा. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "सिंधुबाई, असा अशील मी आजवर पाहिला नाही." मी म्हटलं, मी एक वादी पाहिली होती.

मग शिपायाने दारात येऊन पुकारा केला. त्याला काय माहीत. त्याने कागदावरचं नाव वाचलं, तुमचं, आडनावासकट, खणखणीत. व्हरांड्यात तुमचं नाव असं घुमलं, अक्का, की मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, लिंबाखालून काठीचा आवाज येईल.

संध्या उठली. पदर नीट केला आणि म्हणाली, "हजर."

तिच्यामागून मीही आत गेले. साहेब नवीन आहेत, तरुण आहेत. अर्ज वाचला, माझं "हरकत नाही" वाचलं, मग आमच्या दोघींकडे बघितलं. आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो, तुम्ही आणि मी उभ्या राहायचो तशाच. साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि विचारलं, "तडजोडीची काही शक्यता आहे का?"

संध्याने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"हाय साहेब," मी म्हटलं. "पण पोरगी कोर्टात आजच आलीय. जरा भांडू द्या तिला."